मागायचा सोमवार

“पोरगी हुशार आहे मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण साइटवर पंचवीस माणसं असतात. त्यांना काय ती मेल पाठवणार?”

हे निकम सर बोलत होते. ते आमचे सीनियर इंजिनियर, आणि त्यांचा आवाज अडवणं आमच्या ऑफिसातल्या प्लायवूडच्या पार्टिशनला कधी जमलेलं नाही. मी पार्टिशनच्या अलीकडे झेरॉक्सपाशी उभी होते. ती पोरगी मीच. मशीनमधून चांदवडच्या कांदा शीतगृहाचे नकाशे एकामागून एक बाहेर पडत होते आणि मी ते शक्य तितक्या हळू गोळा करत होते.

“तिनं मागितलंय का चांदवड?” हा मॅडमचा आवाज.

“नाही हो, ती कुठं मागतेय.”

“मग द्यायचा प्रश्नच नाही. आणि तुम्ही तरी कुठं मागितलंय अजून? सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून मागा. जो मागेल त्याचं.”

मला चांदवड हवं होतं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या कामांची वेळापत्रकं करत होते, आणि एक तरी काम पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या बल्बपर्यंत आपलं असावं असं मला वाटायला लागलं होतं. झेरॉक्स करता करता तो नकाशा माझा पाठ झाला होता. पण मागायचं म्हणजे उभं राहायचं, आणि उभं राहायचं म्हणजे मॅडमच्या समोर.

जगात आपोआप काहीही होत नाही यावर आमच्या मॅडमचा जितका विश्वास आहे, तितका कुणाचा देवावरही नसेल. सूर्य रोज उगवतो तोसुद्धा पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला वेळ लिहून दिली आणि त्याच्याकडून पोच घेतली म्हणून, असं त्यांचं मत असावं. त्या आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर. आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि शेतकऱ्यांना थंड खोल्या बांधून देते: आधी द्राक्षांसाठी, मग डाळिंबासाठी, आता कांद्यासाठीही. मॅडम सुती साडी नेसतात, खाली सेफ्टी शूज घालतात, आणि अंबाड्यात दोन पेनं खोचतात. निळं पेन ठरवायला आणि लाल पेन चुकलेलं दाखवायला. लाल पेन बाहेर निघालं की समोरचा माणूस आपोआप घड्याळाकडे बघतो. त्यांचं माहेर चांदवड तालुक्यातलं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात, पण कामाची तारीख टळली की भाषेचा गिअर बदलतो आणि “लय झालं आता, नाय चालायचं हे” असं ऐकू येतं. त्यानंतर दोन दिवस सगळं ऑफिस वेळेवर येतं.

त्यांच्या टेबलामागची भिंत हा ऑफिसातला सर्वांत भीतिदायक भाग. तिच्यावर प्रत्येकाच्या नावाखाली पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक ध्येय, एक तारीख. ‘बघू’, ‘होऊन जाईल’ आणि ‘प्रयत्न करतो’ हे तीन शब्दप्रयोग त्या भिंतीसमोर उच्चारायला बंदी होती. एकदा दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार, ज्यांना सगळे आबा म्हणतात, फोनवर म्हणाले, “बघू की मॅडम, माल आल्यावर.” मॅडम म्हणाल्या, “आबा, फवारणीच्या वेळी द्राक्षाला ‘बघू’ म्हणता का तुम्ही?” आबांनी मुकाट्यानं तारीख दिली. नंतर ते कुणालातरी सांगत होते म्हणे की, ह्या बाईला आमच्या गावात पाणीपुरवठ्यावर बसवा.

मॅडमच्या ध्येयातून कुणी सुटत नसे. आमचे चहावाले नाना तर कंपनीच्या पगारावरही नव्हते, शेजारच्या गल्लीतल्या टपरीवरून किटली घेऊन येत. पण ते दिवसातून दोनदा भिंतीसमोरून जात, तेवढं पुरेसं होतं. त्यांना ध्येय मिळालं: ‘टेबलावर चहा न सांडणे. मुदत: दिवाळी.’ नानांनी ते दसऱ्यालाच साध्य केलं. त्यांनी कप अर्धेच भरायला सुरुवात केली. सांडण्याचं प्रमाण शून्यावर आलं, कारण कपात सांडण्याइतका चहाच नसायचा. नानांच्या चिठ्ठीवर मॅडमनी बरोबरची खूण केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून आम्ही दोन-दोन कप घ्यायला लागलो.

मला मिळालेलं ध्येय असं होतं: ‘प्रत्येक बैठकीत किमान तीन वाक्यं बोलणे.’ मी नाशिकरोडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की आजी हसायची, त्यामुळे दोन्हीकडे न बोलणं हे मला लवकरच सोयीचं वाटायला लागलं. तर ही तीन वाक्यं मोजायची जबाबदारी निकम सरांवर होती. ते वहीत रेघा मारत. मी दर बैठकीत म्हणायची, “गुड मॉर्निंग मॅडम.” मग मध्ये कधीतरी, “हो मॅडम.” आणि उठताना, “थँक्यू मॅडम.” वर्षाअखेरीस माझं ध्येय शंभर टक्के पूर्ण झालेलं होतं. मॅडमनी ती वही बराच वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी खूण केली, पण निळ्या पेनानं केली की लाल, हे मला लांबून दिसलं नाही.

मोजण्यावर मॅडमचा इतका भरवसा असूनही एकदा मोजणीनंच त्यांना चांगलं पाणी पाजलं. त्या वर्षी सगळ्या ऑफिसचं मिळून एक मोठं ध्येय होतं: द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत सहा खोल्या ग्राहकांच्या ताब्यात देणे. ‘ताब्यात दिली’ हे मोजायचं कसं? ग्राहकाच्या सहीवरून. पाच खोल्या झाल्या. सहावी आबांची. तिचं दार परराज्यातून यायचं होतं, आणि दार घेऊन निघालेला ट्रक वाटेत कुठंतरी बिघडून पडला होता. मुदतीचा दिवस उजाडला. आमच्या माणसांनी काय करावं? त्यांनी रिकाम्या चौकटीला झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढला आणि आबांची सही घेतली. भिंतीवरची चिठ्ठी त्याच दुपारी उतरली. आबा भिडस्त माणूस. पाहुण्यांसमोर काय बोलायचं म्हणून त्यांनी सही केली, पेढा खाल्ला, आणि सगळे गाडीत बसत असताना हळूच विचारलं, “बाकी सगळं झ्याक हाय. फक्त ही बंद कुठनं करायची?”

मॅडमना हे आठ दिवसांनी कळलं. तेव्हा त्यांनी जे केलं त्यामुळे मला त्या पहिल्यांदा मनापासून आवडल्या. त्या कुणावरही ओरडल्या नाहीत. दिंडोरीला गेल्या, आबांकडून ते सही केलेलं पत्र परत मागून घेतलं, त्यांच्यादेखत फाडलं, आणि दार येईपर्यंत रोज तासभर त्या चौकटीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. तिथूनच बाकीची कामं फोनवर चालायची. आबांच्या सूनबाई त्यांना ताक आणून द्यायच्या. दार आलं, बसलं, खोलीनं थंडी धरली. मग ऑफिसला येऊन मॅडमनी स्वतःच्या नावाखाली लाल अक्षरात चिठ्ठी लावली: ‘मोजायला चुकले.’ दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांना नवीन ध्येय मिळालं, ‘दारासह ताबा देणे’. त्याखाली दार कशाला म्हणायचं याची तीन कलमी व्याख्याही होती.

एकदा त्यांनी मला इंदिरानगरला घरी जेवायला बोलावलं. फ्रिजवर चिठ्ठ्या असणार हे मी गृहीत धरलंच होतं, पण इतक्या असतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या मिस्टरांची एक होती: ‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून न भांडणे.’ तिच्यावर चार खुणा होत्या आणि एक फुली. “त्या दिवशी समोरच्यानं सुरुवात केली होती,” असं मिस्टरांनी मला वाढता वाढता समजावून सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यांची चिठ्ठी होती: ‘गुडघा काटकोनात. मुदत: संक्रांत.’ मी सासूबाईंना विचारलं, जमलं का. त्या म्हणाल्या, “अगं, डॉक्टरांच्या औषधानं नाही वाकला तो. हिच्या भीतीनं वाकला.” आणि मग मॅडम आत भाजी गरम करायला गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण रोज सकाळी माझ्याबरोबर जिना चढायची हो. ऑफिसला उशीर झाला तरी.”

सासूबाईंच्याच आग्रहानं एकदा त्या त्र्यंबकेश्वरला घरची पूजा करायला गेल्या होत्या. ती कथा त्यांनी स्वतः सांगितली. पूजेला बसण्याआधी त्यांनी गुरुजींना विचारलं, साधारण किती टप्पे आहेत, प्रत्येकाला किती वेळ लागेल, आणि मधे काही अडलं तर काय करायचं ठरलंय? कुणी दुसरा असता तर रागावला असता. पण गुरुजींनी खिशातून एक छापील कागद काढला. त्यावर टप्पे होते, वेळा होत्या, कोणत्या टप्प्याला यजमानांनी काय हातात धरायचं ते होतं. सामानाची पिशवी आदल्या दिवशीच बांधून, वर नाव घालून ठेवलेली. गुरुजींचा घसा बसला तर पुढचं म्हणायला धाकटा भाऊ सोवळं नेसून बाजूला हजर. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आरती. मॅडम परत आल्या त्या भारावून. आम्हाला वाटलं दर्शन चांगलं झालं. त्या म्हणाल्या, “असा माणूस मला दहा वर्षांत मिळाला नाही. उद्या येत असेल तर उद्या घेते.” त्यानंतर महिनाभर, कुणाचं काम रखडलं की त्या नुसतं “गुरुजी बघा” म्हणायच्या.

मॅडमची ध्येयं अशी माणसाच्या मापाची असत. पुण्याच्या मुख्य ऑफिसची मात्र वेगळी. दर एप्रिलमध्ये तिथून प्रत्येकासाठी एक इंग्रजी फॉर्म येई, त्यात ‘व्यावसायिक ध्येयं’ लिहायची, आणि ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता’ याचं उत्तर द्यायचं. ऑफिसात इंग्रजी माध्यमाची मी एकटी. त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या टेबलापुढे रांग लागे, तलाठ्यापुढे लागते तशी. लोक मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहायची. आमचे वेल्डर गणपतभाऊ म्हणाले, “ताई, माझं एकच. ठिणगी पँटवर पडू नये. बायको लय बोलती.” मी लिहिलं, ‘झीरो इन्सिडन्ट वर्क कल्चर विथ फोकस ऑन पर्सनल प्रोटेक्शन.’ पुण्याहून त्यांना उत्कृष्ट ध्येयाबद्दल प्रशस्तिपत्र आलं. ते त्यांनी घरी फ्रेम करून लावलंय आणि कशाबद्दल आहे हे त्यांना अजून नीट माहीत नाही. पाच वर्षांनी कुठं बघता या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ‘इथंच’ असं होतं. मी ते इतकं फुलवून लिहायची की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस निघालाच आता कुठंतरी.

फॉर्म पाठवण्याआधी मॅडम वाचत. एकदा गणपतभाऊंचा फॉर्म हातात धरून त्यांनी मला विचारलं, “हा माणूस कोण आहे? आपल्याकडे काम करतो?” मी मान खाली घातली. “छान लिहितेस तू,” त्या म्हणाल्या. “इतकं छान की माणूस दिसेनासा होतो.” मग माझा फॉर्म काढला. त्यावर मी तीन वर्षं एकच ओळ लिहीत आले होते: ‘टू एन्हान्स माय कम्युनिकेशन स्किल्स अक्रॉस व्हर्टिकल्स.’ त्यांनी ती ओळ वाचली आणि फॉर्म फाइलला लावला.

म्हणूनच त्यांनी तो सोमवार काढला होता. पुण्याचे फॉर्म पुण्याला जात, पण त्याआधी एका सोमवारी सगळ्यांनी शेडमध्ये गोल उभं राहायचं आणि या वर्षी आपल्याला काय हवंय ते स्वतःच्या तोंडानं, आपल्या भाषेत, मोठ्यानं सांगायचं. हवं ते मागायचं: काम, मशीन, बदली, सुट्टी. तिथं मागितलेली प्रत्येक गोष्ट मिळेच असं नाही, पण तिथं न मागितलेलं मॅडम कुणाला देत नसत. माझे दोन सोमवार ‘सगळं ठीक आहे मॅडम’ या वाक्यात गेले होते. आणि आता ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं की मॅडमची पुण्याला बदली ठरली आहे, म्हणजे हा तिसरा सोमवार शेवटचा. पुढचे मॅनेजर असला प्रकार करतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मग कामं नेहमीच्या पद्धतीनं वाटली जाणार होती, म्हणजे ज्याचा आवाज पार्टिशनपलीकडे जातो त्याला.

पार्टिशनमागचं ते बोलणं मी ऐकलं शुक्रवारी. शनिवारी आम्ही जागा बघायला चांदवडला गेलो. निकम सर त्यांच्या गाडीनं, मी मॅडमबरोबर कंपनीच्या. महामार्गाला लागून मुरूम टाकून सपाट केलेली जागा, मागे डोंगर, समोरून कांद्याचे ट्रॅक्टर चाललेले. निकम सर जागामालकांना हातवारे करून सगळं समजावत होते. मी एका कडेनं चालत पावलं मोजली. माल चढवायचा ओटा नकाशात जिथं दाखवला होता, तिथं महामार्गावरून आलेला मोठा ट्रक वळणारच नव्हता. त्याला उतारावरून उलटं यावं लागलं असतं, आणि भरलेला ट्रक त्या उतारावर उलटा घेणं म्हणजे रोज एक अपघात टाळत बसणं. ओटा पूर्वेला घेतला की प्रश्न मिटत होता. मी दोनदा मोजलं. मग, नकाशा निकम सरांनी काढलेला असल्यामुळे, तिथंच उभं राहून त्यांना मोबाइलवरून मेल पाठवला. ते माझ्यापासून वीस फुटांवर होते.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, “पावलं कसली मोजत होतीस?”

“अशीच, मॅडम.”

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग, जणू ड्रायव्हरशी बोलताहेत अशा सुरात त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या कंपनीत लागल्या त्या नकाशे गिरवायला. पुढे हळूहळू सगळं करायला लागल्या: माल मागवणं, माणसं लावणं, पाहणी, हिशेबाच्या तारखा. पाटीवर मॅनेजर म्हणून दुसऱ्याचं नाव असायचं. “मला वाटायचं, दिसतंय की सगळ्यांना. कुणीतरी एक दिवस म्हणेल, अहो, हे काम तर ह्याच करतात. नऊ वर्षं वाट बघितली मी. मग एकदा धाडस करून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मला मॅनेजर करा. तर ते काय म्हणाले माहितीये? ‘अहो, मग आधी का नाही बोललात? आम्हाला वाटलं तुम्हाला नकोच आहे.’” मॅडम हसल्या. “एवढंच होतं गं ते. नऊ वर्षं, आणि वाक्य एवढंच.”

हीच ती वेळ होती. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “एसी कमी करू का, मॅडम?”

“कर,” त्या म्हणाल्या.

मॅडमना पुण्याला जाऊन आता बरेच महिने झाले. त्यांच्या भिंतीला रंग दिलाय, तरी तिरक्या उन्हात पाहिलं तर चिठ्ठ्यांच्या गोंदाचे चौकोन अजून दिसतात. नवे सर चांगले आहेत, त्यांनी ध्येयं कॉम्प्युटरवर आणली. कुणाला उभं राहावं लागत नाही. नाना पुन्हा कप काठोकाठ भरतात. अधूनमधून सोमवारी सकाळी माझा फोन वाजतो, पलीकडून ‘हॅलो’ वगैरे काही नाही, थेट प्रश्न, “या आठवड्यात काय मागितलंस?” मी काहीतरी सांगते. कधी सांगण्यासारखं असतं, कधी नसतं. नसलं की त्या “बरं” म्हणून फोन ठेवतात, आणि ते ‘बरं’ मला दिवसभर पुरतं. पुण्यात त्यांच्या हाताखाली म्हणे मोठा हॉल आहे आणि सगळ्या भिंती काचेच्या आहेत. काचेवर चिठ्ठ्या टिकतात की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

शेडमध्ये आम्ही गोल उभे होतो. गणपतभाऊंनी नवीन हातमोजे मागितले. स्टोअरच्या ताईंनी शनिवारी अर्धा दिवस मागितला. नाना किटली खाली ठेवून म्हणाले, “मला एक स्टूल पाहिजे, मॅडम. वीस वर्षं झाली, इथं मला कुणी बस म्हणलं नाय.” मॅडमनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग निकम सर पुढे आले. त्यांनी चांदवड मागितलं, आणि चांगलं मागितलं. अनुभव सांगितला, माणसं कोणती नेणार ते सांगितलं. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाले, “आणि एक गोष्ट लक्षात आणून देतो मॅडम. ओट्याच्या जागेवर ट्रक वळत नाही. उतारावरून उलटा घ्यावा लागेल. ओटा पूर्वेला घ्यायला हवा.” तो माझा मेल होता, ओळ न ओळ. मी शेवटी सवयीनं लिहिलेलं ‘प्लीज नोट’सुद्धा त्यांनी वाचलं. यात त्यांचा काही वाईट हेतू होता असं मला आजही वाटत नाही. समोर आलेलं मोठ्यानं वाचायची त्यांना सवय आहे, तशीच मला ते लिहून त्यांच्यासमोर ठेवायची.

“चांगलं पाहिलंत,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी अंबाड्यातून निळं पेन काढलं. “आणखी कुणाला पाहिजे चांदवड?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या कागदाकडे बघत होत्या आणि पेनाचं टोपण काढायला त्यांना फार वेळ लागत होता.

माझा एक पाय पुढे आला. “मॅम,” मी म्हणाले, “आय वुड लाइक टू एक्स्प्रेस माय इंटरेस्ट इन—”

“इथं अर्ध्या लोकांना काही कळलं नाही,” मॅडम वर न बघता म्हणाल्या. “पुन्हा सांग. काय म्हणणं आहे?”

पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याचा आवाज येत होता. निकम सर माझ्याकडे वळले होते. ते हसत नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं रांगेनं उभी होती, एकाहून एक सभ्य, आणि त्यातलं एकही मला हवं ते म्हणत नव्हतं.

“तो मेल मी पाठवला होता,” मी म्हणाले. माझा आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत आला, आणि तो मला अनोळखी वाटला. “चांदवडचं काम मला पाहिजे, मॅडम. मला ते येतं.”